मुदत ६ ऑक्टोबरची

५ मे १९८० रोजी ग्विनवोर एव्हन्स या सदुसष्ट वर्षांच्या वेल्श पुढाऱ्यानं जाहीर केलं, की सरकारनं दिलेला शब्द पाळला नाही तर येत्या ६ ऑक्टोबरपासून मी आमरण उपोषण करीन. मागणी एका टीव्ही वाहिनीची होती. ब्रिटनमध्ये चौथी वाहिनी सुरू व्हायची होती आणि वेल्समध्ये ती वेल्श भाषेला देऊ, असं मार्गारेट थॅचर यांच्या काँझर्व्हेटिव्ह पक्षानं १९७९ च्या जाहीरनाम्यात म्हटलं होतं. सत्तेवर आल्यावर चार महिन्यांत गृहमंत्री विल्यम व्हाइटलॉ यांनी ते मागं घेतलं. वेल्श कार्यक्रम वेगवेगळ्या वाहिन्यांवर थोडेथोडे वाटून दाखवू, म्हणाले. म्हणजे आहे तेच चालू राहणार.

या घोषणेतली मला खिळवून ठेवणारी गोष्ट म्हणजे ती तारीख. रागाच्या भरात माणूस उद्यापासून उपोषणाला बसतो. इथं पाच महिन्यांची मुदत होती. समोरच्याला माघार घ्यायला अवधी आणि स्वतःला रोज सकाळी उठून आपल्या मरणाचा विचार करायलाही तेवढाच अवधी. उपोषणाच्या घोषणा आपण पुष्कळ ऐकल्या आहेत, त्यातल्या बहुतेक लिंबूपाण्यावर संपतात हेही आपल्याला ठाऊक असतं आणि सत्तेतल्या लोकांना तर नक्कीच ठाऊक असतं. तरीही लंडनमधल्या सरकारनं या माणसाचं म्हणणं खरं मानलं. हा खरोखर मरेल, असं विरोधकांनाही वाटलं. हा विश्वास त्यांनी कुठून कमावला, हे शोधत मी त्यांचं आयुष्य वाचत गेलो. माझं उत्तर असं, की तो त्यांनी पस्तीस वर्षं हरत राहून कमावला.

जन्म १ सप्टेंबर १९१२, दक्षिण वेल्सच्या किनाऱ्यावरच्या बॅरी गावात. बॅरी म्हणजे कोळशाचं बंदर. खोऱ्यांतल्या खाणींमधून निघालेला कोळसा इथून जगभर जाई. वडील डॅन एव्हन्स यांचं तिथं मोठं दुकान होतं. घर खाऊन-पिऊन सुखी, चॅपेलला जाणारं आणि बोलण्यात मुख्यतः इंग्रजी. वेल्श त्यांनी वाढत्या वयात मुद्दाम शिकून घेतली. पुढं ज्या भाषेसाठी प्राण पणाला लावले, ती त्यांना पाळण्यात मिळालेली नव्हती. ॲबरिस्टविथला आणि मग ऑक्सफर्डला ते कायदा शिकले, पण वकिली न करता कार्मार्थनशायरमधल्या लानगॅडोग या खेड्यात जाऊन काचघरांत टोमॅटो पिकवू लागले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी शस्त्र घ्यायला नकार दिला. लवादानं त्यांना कोणत्याही अटीविना सूट दिली. युद्ध ऐन भरात असताना शांततावादी असणं म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेत उतरणं, आणि त्यांनी ते पत्करलं.

१९४५ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते प्लाइड कम्री या पक्षाचे अध्यक्ष झाले. वेल्सला स्वतःचं सरकार हवं म्हणणारा हा पक्ष १९२५ मध्ये पुल्हेली गावात स्थापन झाला होता. वीस वर्षांत त्याला संसदेची एकही जागा मिळालेली नव्हती आणि पुढची एकवीस वर्षंही मिळणार नव्हती. त्याचे आधीचे पुढारी सॉन्डर्स लुइस हे मोठे नाटककार आणि कडवे विचारवंत. १९३६ मध्ये पेनिबर्थ इथल्या हवाई दलाच्या बॉम्बिंग-शाळेला दोन साथीदारांसह आग लावून ते स्वतःहून पोलिसांकडे गेले आणि तुरुंगवास भोगून आले. त्या ज्वाळेनंतर अध्यक्षपद आलं ते एका मवाळ, अदबशीर, चॅपेलमध्ये प्रवचन द्यावं तशा आवाजात बोलणाऱ्या बागायतदाराकडे.

गांधींचा त्यांच्यावरचा प्रभाव उघड होता आणि तो नुसता भाषणांत नव्हता. १९५१ मध्ये उत्तर वेल्समधल्या त्राउसवनिद इथं लष्कराला सरावासाठी आणखी जमीन हवी होती. एव्हन्स आणि त्यांचे साथीदार छावणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर जाऊन बसले. लष्करी गाड्या अडल्या. घोषणा नाहीत, धक्काबुक्की नाही. त्या काळच्या वेल्ससाठी ही पद्धत नवी होती.

बाकीचं काम नीरस होतं, आणि मला त्याचंच मोल जास्त वाटतं. १९४९ पासून पुढं पंचवीस वर्षं ते कार्मार्थनशायरच्या काउंटी कौन्सिलवर होते आणि त्यातली बरीच वर्षं पक्षाचे एकटेच. वेल्श माध्यमाची शाळा मागायची, सभागृहात हशा व्हायचा, पुढच्या बैठकीला पुन्हा मागायची. याच जिल्ह्यात लानगेनेखमध्ये आयलीन आणि ट्रेव्हर बीझली हे जोडपं राहत होतं. घरपट्टीची नोटीस आम्हाला वेल्शमध्ये द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. नोटीस इंग्रजीत आली की ते भरायला नकार देत. मग जप्तीवाले येत. घरातला पियानो गेला, फर्निचर गेलं. १९५२ पासून आठ वर्षं हे चाललं आणि १९६० मध्ये दोन्ही भाषांतली नोटीस एकदाची आली. वेल्श राजकारण तेव्हा अशा रिकाम्या झालेल्या बैठकीच्या खोल्यांमध्ये चाललेलं होतं.

आणि मग त्रिवेरिन.

बाला गावाहून पश्चिमेला निघालं की डाव्या हाताला एक लांबलचक तलाव लागतो. मी तिथं गेलो तेव्हा पाणी अगदी शांत होतं आणि बांधावर गवत इतकं नीट वाढलेलं, की हे इथं कायमचंच आहे असं वाटावं. त्याच्या तळाशी कॅपेल केलिन हे गाव आहे. शाळा, पोस्ट, चॅपेल, दफनभूमी आणि डझनभर घरं-शेतवाड्या. सगळं गाव वेल्श बोलणारं. १९५५ मध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूल महापालिकेनं आपल्या पाण्यासाठी त्रिवेरिन नदीच्या या खोऱ्यात धरण बांधायचं ठरवलं. महापालिकेनं थेट संसदेत खासगी विधेयक आणलं, त्यामुळं वेल्समधल्या कोणत्याही स्थानिक संस्थेची परवानगी घ्यायची गरजच उरली नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये एव्हन्स लिव्हरपूलच्या महापालिका सभागृहात गावकऱ्यांची बाजू मांडायला उभे राहिले तेव्हा नगरसेवकांनी आरडाओरडा करून, बाकं वाजवून त्यांचा आवाज बुडवला आणि त्यांना बाहेर काढलं. दोन आठवड्यांनी ते गावालाच घेऊन आले. म्हातारे, बाया, शाळेतली पोरं लिव्हरपूलच्या रस्त्यांवरून फलक घेऊन चालली.

१९५७ मध्ये विधेयक मंजूर झालं. वेल्सच्या छत्तीस खासदारांपैकी एकानंही बाजूनं मत दिलं नाही. तरीही ते मंजूर झालं, कारण संसदेत बहुमत इंग्लंडच्या खासदारांचं, गणितच तसं होतं. एका अख्ख्या देशाचा एकही प्रतिनिधी विधेयकाच्या बाजूनं उभा राहिला नाही आणि त्यानं काडीचाही फरक पडला नाही. वेल्सला स्वतःचं विधिमंडळ कशाला हवं, या प्रश्नाचं उत्तर त्यानंतर भाषणात सांगायची गरज राहिली नाही.

माझं आजोळ धरणाखाली गेलं. म्हणून असेल, या हकिकतीतल्या दफनभूमीच्या तपशिलापाशी मी थांबतो. काही मृतदेह नातेवाइकांनी हलवले आणि उरलेल्या थडग्यांवर काँक्रीट ओतलं. २१ ऑक्टोबर १९६५ ला उद्घाटन झालं तेव्हा निदर्शकांनी मंडप गजबजून गेला, ध्वनिक्षेपकाच्या तारा कोणीतरी कापल्या आणि सोहळा काही मिनिटांतच गुंडाळावा लागला. धरणाचं पाणी नळांनी लिव्हरपूलला जातही नाही. ते नदीत सोडलं जातं आणि खाली डी नदीतून उचललं जातं.

एव्हन्स यांच्यावरची सर्वांत कडक टीका याच काळातली आहे आणि ती पक्षाच्या आतून आली. यांनी कायदा मोडला नाही, पेनिबर्थसारखं काही केलं नाही, अर्ज-विनंत्या करत बसले आणि गाव बुडालं. १९६२ मध्ये सॉन्डर्स लुइस यांनी रेडिओवरून भाषण दिलं. भाषेचं मरण जवळ आलंय आणि क्रांतिकारी मार्गांशिवाय ती वाचणार नाही, असा त्याचा रोख होता. ते ऐकून तरुणांनी त्याच वर्षी वेल्श भाषा संघटना उभी केली. पुढच्या वर्षी तीन तरुणांनी धरणाच्या जागेवरचा ट्रान्सफॉर्मर उडवला. एव्हन्स यांनी स्फोटांना पाठिंबा दिला नाही आणि त्या तरुणांना शिव्याही दिल्या नाहीत. मला ती टीका समजते. बुडालेल्या गावाकडे पाहताना सभ्यपणाचा संताप येतोच. पण स्फोटांच्या वाटेनं गेलेली आयर्लंडची पुढची तीस वर्षं समोर ठेवली, की वेल्समध्ये अहिंसेला धरून राहणारा एक हट्टी माणूस अध्यक्षपदी होता, हे त्या देशाचं भाग्यच वाटतं.

मेरियोनेथमधून ते १९४५ पासून लढत आले होते. त्रिवेरिनचं खोरं त्याच मतदारसंघातलं, तरी १९५९ मध्ये तिथंही हरले. मग कार्मार्थन. मार्च १९६६ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ७,४१६ मतं घेऊन तिसरे. निवडून आलेल्या लेबर पक्षाच्या लेडी मेगन लॉइड जॉर्ज, माजी पंतप्रधानांच्या कन्या, मे महिन्यात वारल्या. पोटनिवडणूक लागली. १४ जुलै १९६६ ला मतदान झालं आणि त्या रात्री एव्हन्स यांना १६,१७९ मतं पडली. लेबरला १३,७४३. चार महिन्यांत दुपटीहून अधिक मतं! पक्षाचा हा पहिला खासदार, स्थापनेनंतर एक्केचाळीस वर्षांनी. रेल्वेमार्ग बंद होत होते, खाणी बंद होत होत्या, लेबरनं वेल्सला गृहीत धरलं होतं. ही सगळी कारणं खरी आहेत. पण ज्या माणसाला लोकांनी सतरा वर्षं कौन्सिलमध्ये एकट्यानं उभं राहिलेलं पाहिलं होतं, त्याला त्यांनी एकदा संधी दिली, हेही तितकंच खरं.

संसदेत त्यांनी शपथ वेल्शमध्ये घेऊ द्या म्हटलं. परवानगी मिळाली नाही. सभागृहात ते पुन्हा एकटे, आणि सर्वांत जास्त वैर वेल्समधल्याच लेबर खासदारांचं. त्यांनी शेकडो लेखी प्रश्न टाकले. वेल्समध्ये अमुक गोष्टीवर किती खर्च होतो, तमुक कारखान्यात किती माणसं आहेत. बऱ्याचदा उत्तर यायचं, की वेल्सचे वेगळे आकडे ठेवले जात नाहीत. तेच उत्तर त्यांना हवं होतं.

त्रिवेरिनच्या उद्घाटनाला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, २१ ऑक्टोबर १९६६ ला, ॲबरवॅन गावावर खाणीच्या मातीचा ढिगारा कोसळला. १४४ माणसं गेली, त्यातली ११६ मुलं. बहुतेक मुलं शाळेत होती. ढिगाऱ्याबद्दल गावानं आधी इशारे दिले होते आणि राष्ट्रीय कोळसा मंडळानं ते कानाआड केले होते. जगभरातून आलेल्या मदतनिधीतून उरलेले ढिगारे हलवण्यासाठी सरकारनं दीड लाख पौंड काढून घेतले. ती रक्कम परत मिळाली १९९७ मध्ये, तेवढीच, व्याजाविना. एव्हन्स यांचा मतदारसंघ तो नव्हता, पण तिथल्या लोकांना एकच कळलं. धोका दिसत होता आणि ज्यांनी निर्णय घ्यायचा ते लांब होते.

१९७० मध्ये ते हरले. फेब्रुवारी १९७४ मध्ये पुन्हा हरले, आणि कसे? लेबरच्या ग्विनोरो जोन्स यांना १७,१६५, यांना १७,१६२. तीन मतं! मोजणी पुनःपुन्हा झाली. त्याच ऑक्टोबरात ते साडेतीन हजारांहून जास्त मतांनी निवडून आले आणि या वेळी सोबत पक्षाचे आणखी दोन खासदार होते. मग आलं १९७९. १ मार्चला, संत डेव्हिडच्या दिवशी, म्हणजे वेल्सच्या राष्ट्रीय सणाला, वेल्सला विधिमंडळ हवं का यावर सार्वमत झालं आणि लोकांनीच ते चारास एक अशा प्रमाणात फेटाळलं. दोन महिन्यांनी एव्हन्स आपली जागाही हरले. ज्या लोकांसाठी आयुष्य दिलं, त्यांनीच नको म्हटलं. त्यानंतरच्या महिन्यांत ते किती खचले होते, हे त्यांच्या जवळच्यांनी नोंदवून ठेवलंय. त्या सप्टेंबरात व्हाइटलॉ यांनी वाहिनीचा शब्द फिरवला.

उपोषणाबद्दल मराठी माणसाला सहज हो म्हणता येत नाही. १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधी उपोषणाला बसले तेव्हा आंबेडकरांवर काय ओझं आलं, ते आपल्याला ठाऊक आहे. त्या उपोषणाचा दाब सगळ्यांत दुबळ्या लोकांच्या प्रतिनिधीवर पडला आणि आंबेडकरांनी त्याला दडपण म्हटलं ते योग्यच होतं. म्हणून कोणताही उपास पाहताना मी आधी विचारतो, की याचा भार कोणाच्या पाठीवर पडतोय? लानगॅडोगच्या उपासाचा भार पडणार होता लेखी वचन देऊन ते मोडणाऱ्या सरकारवर. दुसरा कोणी समाज, दुसरी कोणी भाषा त्याखाली चिरडली जाणार नव्हती. याच जागी गुरू आणि शिष्य वेगळे होतात, आणि मला शिष्याचं पाऊल जास्त स्वच्छ वाटतं.

आंदोलन त्यांच्या घोषणेच्या आधीच पेटलेलं होतं. लोकांनी टीव्हीचा परवाना शुल्क भरायला नकार दिला होता, खटले चालले, काहीजण तुरुंगात गेले. तीन प्रतिष्ठित, प्रौढ विद्वान पेनकॅरेगच्या प्रक्षेपण केंद्रात शिरले आणि त्यांनी ते बंद पाडलं. मग आंदोलनाला पोरासोरांचा दंगा म्हणून बाजूला सारणं जमेना. मे महिन्यानंतर एव्हन्स गावोगाव सभा घेत फिरले. मतपेटीत चारास एक नकार देणारा तोच देश आता सभागृहं भरून टाकत होता. १० सप्टेंबरला तिघे ज्येष्ठ वेल्श गृहस्थ व्हाइटलॉ यांना भेटायला लंडनला गेले. लेबरचे माजी मंत्री क्लेडविन ह्यूज, वेल्सचे आर्चबिशप आणि निवृत्त सनदी अधिकारी गोरॉनवी डॅनियल. यांतला कोणीही एव्हन्स यांच्या पक्षाचा नव्हता. आयुष्यभर विरोधात राहिलेला ह्यूज यांच्यासारखा माणूस गृहमंत्र्यांना सांगतो, की हा उपास करील आणि मरेल आणि त्यानंतर वेल्स आवरता येणार नाही. पस्तीस वर्षांत नाटकीपणासाठी एक शब्दही न बोलल्याचं फळ होतं ते.

१७ सप्टेंबरला सरकारनं माघार घेतली. मुदतीला एकोणीस दिवस होते. १० ऑक्टोबरला थॅचर यांनी ब्रायटनच्या पक्ष अधिवेशनात, ही बाई मागं वळणारी नाही, असं सुनावलं आणि ते वाक्य इतिहासात राहिलं. त्याच्या तीन आठवडे आधी त्या एकदा वळल्या होत्या. त्याच महिन्याच्या शेवटी उत्तर आयर्लंडमधल्या कैद्यांनी उपोषण सुरू केलं, आणि १९८१ मध्ये त्यांतल्या दुसऱ्या फेरीत दहाजण मेले. तिथं त्या वळल्या नाहीत. या दोन उपोषणांची बरोबरी करू नये, प्रश्न वेगळे होते, मागचा रक्तपात वेगळा होता. पण एव्हन्स खरोखर किती जवळून गेले, ते त्यावरून कळतं.

१ नोव्हेंबर १९८२ ला एस-फोर-सी ही वेल्श वाहिनी सुरू झाली. आठवड्याला सुमारे २२ तास वेल्श कार्यक्रम. मुलांची व्यंगचित्रं, रग्बी, बातम्या, मालिका. भाषा नुसती कवितेत आणि चॅपेलात असते तेव्हा ती मुलांना आजीची वाटते. तिच्यात सामन्याचं धावतं वर्णन ऐकू आलं की ती त्यांची होते. कार्डिफमध्ये कॅमेरामन, संकलक, लेखक यांना वेल्शमुळं पगार मिळू लागला, आणि पोटाचा प्रश्न सुटल्याशिवाय कोणतीही भाषा तरत नाही असं माझं पक्कं मत आहे. १९८३ मध्ये एव्हन्स शेवटची निवडणूक लढले. हरले, तिसरे आले.

१८ सप्टेंबर १९९७ ला पुन्हा सार्वमत झालं. रात्रभर नकार पुढं होता. बावीस विभागांपैकी एकवीसचे निकाल लागले तरी नकारच पुढं. शेवटचा निकाल कार्मार्थनशायरचा. तिथं जवळपास दोन तृतीयांश मतं होकाराची निघाली आणि सगळा निकाल फिरला. साऱ्या वेल्समध्ये मिळून ६,७२१ मतांचं अंतर. एव्हन्स तेव्हा पंच्याऐंशी वर्षांचे होते. आपल्या जिल्ह्यानं काय केलं, ते त्यांनी पाहिलं.

२१ एप्रिल २००५ रोजी ते गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात लिव्हरपूल महापालिकेनं त्रिवेरिनबद्दल माफी मागितली, आणि ती ऐकायला ते नव्हते. ॲबरिस्टविथच्या दक्षिणेला लानरिस्टिडजवळ रस्त्याकडेला एका पडक्या घराची भिंत आहे. साठच्या दशकात तिच्यावर माइक स्टीव्हन्स या तरुण कवीनं ‘त्रिवेरिन लक्षात ठेवा’ असं वेल्शमध्ये रंगवलं होतं. २०१९ मध्ये तिची मोडतोड झाली, तेव्हा लोकांनी ती पुन्हा बांधली आणि काही आठवड्यांत तीच अक्षरं वेल्सभर कुठल्या कुठल्या भिंतींवर उमटली. रंगवणारे बहुतेक धरणानंतर जन्मलेले.

भाषेचं काय झालं, याचं उत्तर सरळ नाही. १९६१ च्या जनगणनेत वेल्समधली २६ टक्के माणसं वेल्श बोलत होती, १९८१ मध्ये १९ टक्के, २०२१ मध्ये १७.८. घसरण थांबलेली नाही, मंदावली आहे. कार्मार्थनशायरमध्येच ती जास्त जाणवते, कारण तरुण मुलं कामासाठी कार्डिफकडे जातात. सरकारनं २०५० पर्यंत दहा लाख वेल्श भाषकांचं उद्दिष्ट ठेवलंय. आज आहेत ते सुमारे ५ लाख ३८ हजार. मला ते उद्दिष्ट अवघड वाटतं, तरी ते ठेवणारं सरकार कार्डिफमध्ये बसतं, ही गोष्ट १९५७ मध्ये कॅपेल केलिनच्या लोकांना सांगून पटली नसती. वाहिनीचं अनुदान २०१० नंतर कापलं गेलं, तेव्हा लोक पुन्हा रस्त्यावर आले. २०२२ पासून तिचा सरकारी पैसा पूर्णपणे टीव्हीच्या परवाना शुल्कातून येतो.